पाण्यात उभी कपाशी माना का टाकते?

पावसानं ओढ दिली की अमळनेर तालुक्यातली काळी जमीन तडकते. भेगा इतक्या रुंद होतात की हात सहज आत जातो. अशा खंडातही कपाशी तग धरते. दुपारी पानं थोडी मलूल होतात, पण पहाटे पाहावं तर झाड पुन्हा ताठ. मग एका रात्री पाऊस असा कोसळतो की बोरी नदी दुथडी वाहू लागते आणि सऱ्यांमध्ये घोटाभर पाणी साचतं. सगळे सुटकेचा श्वास सोडतात. दोन दिवसांनी कडक ऊन पडतं आणि शेतात जावं तर काल हिरवीगार असलेली झाडं माना टाकून उभी. शेजारचं झाड धडधाकट, त्याच्या बाजूचं गेलेलं. बुंध्याशी अजून चिखल.

मग बांधावर एकच प्रश्न असतो. "भाऊ, तहानेली होती तेव्हा उभी होती, पाणी प्यायली आणि सुकली. हे कसं?"

कृषिशास्त्रात याला ‘आकस्मिक मर’ म्हणतात. ‘मर’ या शब्दामुळे बुरशी किंवा रोगाची शंका येते, पण या मरेला कोणताही जंतू लागत नाही. उत्तर जमिनीखाली आहे आणि तिथपर्यंत पोचायला मुळाची थोडी ओळख करून घ्यावी लागेल. प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तराकडे घाई न करता जाऊ.

1. मटकीचा मोड

मटकी भिजवून फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड येतो. तो मोड म्हणजे कोवळं मूळ. बी उघडलं की पहिल्यांदा मूळच बाहेर पडतं, कोंब नंतर येतो. आपण मोडाची उसळ खातो तेव्हा खरं तर मुळांची भाजी खात असतो. बीजात अन्नाचा साठा असतो, पाण्याचा नसतो. त्यामुळे पाण्याची सोय आधी आणि पानांचा पसारा मागून, असा हा क्रम आहे.

कपाशीतही तेच होतं. रोप जेमतेम दोन पानांवर असतं तेव्हा त्याचं सोटमूळ वीतभर खोल गेलेलं असतं. वरून पाहणाऱ्याला वाटतं, रोप वाढत नाही. ते खाली वाढत असतं.

आता, बी आडवं पडो की उलटं, मूळ खालीच का जातं? अंधाराकडे जातं म्हणावं, तर मूळ अंधाऱ्या खोलीतही खालीच वळतं. ओलीकडे जातं म्हणावं, तर चारी बाजूंनी सारख्या ओल्या फडक्यातही ते खालीच वळतं. 1806 साली थॉमस नाइट या इंग्रज बागायतदारानं एक युक्ती केली. ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला त्यानं उगवती बियाणं बांधली आणि चाक रात्रंदिवस वेगानं फिरत ठेवलं. सगळी मुळं चाकाच्या परिघाकडे, बाहेरच्या दिशेला वाढली आणि कोंब आसाकडे वळले. गोल फिरणाऱ्या पाळण्यात आपण जसे बाहेर फेकले जातो, तशी ओढ त्या मुळांना जाणवत होती आणि त्यांनी तीच खालची दिशा मानली. म्हणजे मुळाला वजनाची ओढ कळते.

कशी कळते? मुळाच्या अगदी टोकावर पेशींची एक टोपी असते. तिच्यातल्या काही पेशींत पिष्टाचे, म्हणजे भाकरीत असतं त्याच पदार्थाचे जड कण असतात. बाटलीत थोडी वाळू घेऊन बाटली आडवी केली की वाळू नव्या तळाशी जाऊन बसते, तसे हे कण पेशीच्या तळाशी बसतात. मूळ आडवं झालं की कणांची जागा बदलते आणि टोक वळण घेऊ लागतं. मोड आलेलं वालाचं बी टाचणीनं ओल्या कागदावर आडवं खोचून रात्रभर ठेवा. सकाळपर्यंत मोड खाली वळलेला दिसेल.

2. पांढरी मुळी

मूळ सगळीकडून लांब होत नाही. कोवळ्या मुळावर शाईनं एकेक मिलिमीटरवर खुणा केल्या, तर दुसऱ्या दिवशी टोकाजवळच्या काही खुणाच एकमेकींपासून दूर गेलेल्या दिसतात. बाकीच्या जिथल्या तिथे. म्हणजे वाढीचा सगळा कारभार टोकामागच्या काही मिलिमीटरांत चालतो. टोपी मातीत घासून झिजत राहते, झिजलेल्या पेशी बुळबुळीत होऊन वंगणाचं काम करतात आणि आतून नव्या पेशी येत राहतात.

वाढीच्या पट्ट्यामागे लगेचच मुळावर पांढरी लव दिसते. हे मूलरोम. ओल्या कागदावर मोहरी किंवा मुळ्याचं बी उगवलं, की ही लव इतकी दाट असते की पाहणाऱ्याला बुरशी आल्यासारखं वाटतं. एकेक रोम म्हणजे मुळाच्या सालीची एकच पेशी, बाहेर बोटासारखी लांबलेली. मातीच्या दोन कणांमधल्या फटीत मूळ शिरू शकत नाही, तिथे रोम शिरतो आणि कणाला चिकटलेली ओल ओढून घेतो. त्याचं आयुष्य काही दिवसांचं. मूळ पुढे सरकतं, मागचे रोम गळतात, पुढे नवे फुटतात. रोम गेले की मुळाची साल हळूहळू तपकिरी आणि जाड होते. मग ते मूळ झाडाला धरून ठेवतं, पाणी वाहून नेतं, पण मातीतून फारसं काही शोषत नाही.

आपले शेतकरी ‘पांढरी मुळी चालू आहे का’ असं विचारतात, ते याच अर्थानं. पुस्तकातल्या कितीतरी शब्दांपेक्षा हा शब्द मला मोलाचा वाटतो. कारण त्यात मुळाचं रूप आणि काम दोन्ही आलं. काम करतं ते कोवळं, पांढरं, आज फुटलेलं मूळ. ते सतत नवं होत राहिलं पाहिजे.

ही लव असते तरी किती? 1937 साली अमेरिकेत डिटमर नावाच्या संशोधकानं राय या गव्हाच्या भाईबंदाचं एक रोप सुमारे 50 लिटर माती मावेल अशा पेटीत चार महिने वाढवलं. मग माती धुऊन मुळं मोजली. 1 कोटी 38 लाख मुळं आणि उपमुळं भरली. त्यांची एकूण लांबी सुमारे 620 किलोमीटर, म्हणजे जळगावहून रेल्वेनं सुरतेला जाऊन परत येण्याइतकी. मूलरोम सुमारे 1,400 कोटी, त्यांची लांबी 10,000 किलोमीटरांच्या वर. आता साधा भागाकार करू. चार महिने म्हणजे 120 दिवस. 620 ला 120 नं भागलं तर रोजची सरासरी पाच किलोमीटर. एकटं रोप, एक पेटी माती आणि रोज पाच किलोमीटर नवं मूळ.

म्हणूनच मिरचीचं किंवा टोमॅटोचं रोप उपटून दुसरीकडे लावलं की ते दोन-तीन दिवस मलूल राहतं. आपल्या हातात मुळं येतात, पण लव मातीतच तुटून राहिलेली असते. संध्याकाळी लावणी करायची रीत याच कारणानं शहाणपणाची आहे. पानांची मागणी कमी असते तेवढ्यात रोप रात्रभरात नवी लव फोडायला लागतं.

3. कोणाचं मूळ कसं

शाळेत आपण सोटमूळ आणि तंतुमूळ शिकलो. कपाशी, तूर, हरभरा यांचं एक मुख्य मूळ सरळ खाली जातं. हंगाम संपल्यावर पऱ्हाटी उपटायला जो जोर लागतो तो त्याच्यामुळे. बाजरी, ज्वारी आणि आपली दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, यांच्या बुंध्यापासून मुळांचा झुबका निघतो. ज्वारीच्या खालच्या पेरांवरून जमिनीच्या वर मुळं फुटतात आणि तंबूच्या दोऱ्यांसारखी ताटाला आधार देतात.

रावेर-यावलकडची केळी पाहा. जे खोड आपल्याला दिसतं ते पानांच्या देठांची घट्ट गुंडाळी असते. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. त्यातून दोरीसारखी मुळं निघतात आणि बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटातच पसरतात. केळीला थोडं थोडं पण रोज पाणी लागतं आणि वादळात ती मुळासकट आडवी होते, या दोन्हींचं कारण हेच उथळ घर. उलट टोकाला वाळवंटातली झाडं. अमेरिकेतल्या ॲरिझोनात एका उघड्या खाणीत आपल्या वेड्या बाभळीच्या भावकीतल्या झाडाचं मूळ 53 मीटर खोलीवर सापडलं होतं.

भुईमुगाबद्दल इथे सांगायलाच हवं, कारण भुईमुगाचं आणि अमळनेरचं नातं जुनं. 1945 साली इथे वनस्पती तूप बनवणारी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. तर, शेंगा जमिनीतून निघतात म्हणून त्या मुळांना लागतात असं पुष्कळ जण समजतात. फूल वरच येतं. फळधारणा झाली की फुलाच्या तळातून आरी निघते, खाली वाकते, जमिनीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. आऱ्या सुटायच्या वेळी जमीन भुसभुशीत हवी, ती त्यासाठी. शेंग हे फळ आहे. मुळांवर असतात त्या गाठी, त्यांच्याकडे पुढे येऊ.

4. पाणी आत येतं कसं

मनुका पाण्यात टाका, फुगतात. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवा, पाणी सुटतं. मुळाच्या पाणी पिण्यातलं निम्मं गणित स्वयंपाकघरातल्या या दोन गोष्टींत आहे. जिथे विरघळलेलं साखर-मीठ जास्त, तिकडे पाणी पेशीच्या पातळ पडद्यातून सरकतं. मूलरोमाच्या आत क्षार आणि साखर जास्त, मातीच्या पाण्यात कमी, म्हणून पाणी आत येतं. पण कोणी घाईत युरियाची मूठ थेट बुंध्याशी टाकली, तर बाहेरचं पाणी जास्त खारं होतं आणि रोपाची कैरीची फोड होते. ‘खत लागलं’, ‘रोप जळालं’ म्हणतो ते हेच.

आत आलेलं पाणी मुळाच्या सालीतल्या पेशींमधून मध्याकडे सरकतं. मध्याभोवती पेशींचं एक कडं असतं आणि त्या पेशींच्या भिंतींमध्ये मेणचट पट्टी बसवलेली असते. जुन्या काळच्या गावाच्या जकात नाक्याची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था. आडवाटेनं, भिंतीभिंतीतून आलेलं पाणी इथे अडतं. पुढे जायचं तर जिवंत पेशीच्या आतून जावं लागतं आणि पेशी कोणते क्षार आत घ्यायचे, किती घ्यायचे ते ठरवते. कित्येक क्षार तर तिला ओढून आत घ्यावे लागतात, कारण मातीत ते फार थोडे असतात. या ओढून घेण्याला शक्ती खर्च होते. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

कडं ओलांडलं की पाणी जलवाहिन्यांत येतं. या बारीक नळ्या मुळापासून पानापर्यंत सलग असतात. पानांवरून पाणी वाफ होऊन उडतं तसतसा नळीतला पाण्याचा धागा वर ओढला जातो, उसाचा रस नळीनं ओढावा तसा. थोडं पाणी मुळं स्वतःहूनही वर ढकलतात. पहाटे बाजरीच्या कोवळ्या पात्याच्या टोकावर जो एकच टपोरा थेंब असतो, तो बहुतेक वेळा दव नसतो. रात्रभर मुळांनी वर ढकललेलं पाणी टोकातून बाहेर आलेलं असतं.

5. मुळांचे शेजारी

पानांत तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून खाली मुळांकडे येते. त्यातली काही मातीत पाझरते. झाड आपली कमाई अशी सांडू का देतं? कारण त्यावर शेजारी जगतात आणि शेजाऱ्यांची परतफेड मोठी असते.

तुरीचं किंवा भुईमुगाचं रोप हळूच खणून काढा आणि मुळावरची एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी रंग दिसला तर गाठ कामाला लागलेली आहे. हिरवट किंवा करडी दिसली तर तिचं काम थांबलेलं आहे. गाठीत जिवाणू राहतात. हवेतला नायट्रोजन ते झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात, हे 1886 साली जर्मनीत हेलरीगेल यांनी दाखवून दिलं. गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्या जातभाईचा आहे आणि प्राणवायू मोजून-मापून देणं हेच त्याचंही काम. ही गाठ मी किती वेळा फोडून पाहिली असेल, पण तो रंग दिसला की दर वेळी मन भरून येतं.

दुसरे शेजारी म्हणजे मुळांत शिरून राहणाऱ्या उपकारक बुरश्या. त्यांचे धागे मूलरोमांच्याही पलीकडे पोचतात आणि जागचं न हलणारं स्फुरद आणून देतात. बदल्यात साखर घेतात.

सगळेच शेजारी सज्जन नसतात. ज्वारीत टारफुला होतो तो जुन्या शेतकऱ्यांना चांगला माहीत आहे. त्याचं बी धुळीसारखं बारीक, जमिनीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतं आणि ज्वारीचं मूळ जवळ आलं की उगवून त्या मुळाला चिकटतं. त्याला मूळ जवळ आल्याचं कळतं कसं? मुळातून पाझरणाऱ्या एका द्रव्यामुळे. ते द्रव्य 1966 साली अमेरिकेत प्रथम वेगळं काढलं गेलं ते कपाशीच्या मुळांमधून! खरं तर कपाशीवर टारफुला जगत नाही. कपाशीचं मूळ त्याच्या बियांना उठवतं, बी उगवतं, आधार मिळत नाही आणि ते मरून जातं. म्हणून ज्वारीच्या शेतात कपाशीचं पीक घेतल्यानं टारफुल्याचा साठा कमी होतो.

पण झाड आपल्या शत्रूला उठवणारं द्रव्य बनवतंच कशाला, हे कोडं जवळजवळ 40 वर्षं पडून होतं. 2005 साली जपानी संशोधकांनी ते सोडवलं. ती हाक होती उपकारक बुरशीला. टारफुल्यानं ती चोरून ऐकायला शिकून घेतलं होतं.

6. वाफसा

आता आपल्या कपाशीकडे. मुळं वाढतात, क्षार ओढून घेतात, पाझर सोडतात, शेजारी पोसतात. या सगळ्याला शक्ती लागते. ती साखर जाळून मिळते आणि साखर जाळायला प्राणवायू लागतो. पानांना तो चहूबाजूंनी मिळतो. मुळांना मिळतो मातीच्या पोकळ्यांमधल्या हवेतून. मुळं श्वास घेतात, आणि त्यांच्याभोवतीचे कोट्यवधी जिवाणूही घेतात.

10 लिटरची एक बादली काळी माती कल्पनेत घ्या. सोयीसाठी धरू की निम्मे, म्हणजे 5 लिटर घन कण आणि 5 लिटर पोकळ्या. पोकळ्यांत निम्मं पाणी, निम्मी हवा. अडीच लिटर हवेत प्राणवायू सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे अर्धा लिटर. मुसळधार पाऊस झाला आणि 5 लिटर पोकळ्या पाण्यानं भरल्या. एक लिटर पाण्यात विरघळलेला प्राणवायू जेमतेम 6 मिलिलिटर, म्हणजे पाच लिटरांत 30. अर्धा लिटर होता तिथे 30 मिलिलिटर उरला, सतरावा हिस्सा. तोही उष्ण जमिनीत एक-दोन दिवसांत संपतो. वरून नवा यायचा तर पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी सावकाश सरकतो. भाताच्या मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात, म्हणून भात पाण्यात उभा राहू शकतो. कपाशीला तशी सोय नाही.

प्राणवायू तुटला की मूळपेशींची शक्ती संपते. पेशीच्या पडद्यात पाणी जाण्यासाठी असलेली बारीक दारं मिटतात. बाहेर घोटाभर पाणी आणि दार बंद. त्यात वर ऊन पडलेलं, पानांवरून पाणी उडतंच आहे. झाड पाण्यात उभं राहून तहानेनं सुकतं.

मग आधीच्या खंडाचा काय संबंध? कोरड्या दिवसांत वरच्या थरातली पांढरी मुळी वाळलेली असते, जमिनीच्या भेगांनी बारीक मुळं तोडलेली असतात. झाडावर हिरवी बोंडं, म्हणजे कैऱ्या, भरत असतात आणि पानांतली साखर आधी त्या ओढून घेतात, मुळांच्या वाट्याला थोडी येते. म्हणून जे झाड सगळ्यात डेरेदार आणि कैऱ्यांनी लदलेलं, तेच आधी मान टाकतं. वर मोठं कुटुंब, खाली कमावणारे हात थोडे. हे पाहताना शेतकऱ्याच्या पोटात कालवतं ते समजू शकतं.

आणखी एक गोष्ट घडते. गुदमरलेली मुळं एक द्रव्य वर पाठवतात, पानांत पोचल्यावर त्याचा इथिलीन वायू होतो. केळी पिकवायच्या खोल्यांत सोडतात तोच हा वायू. तिथे तो फळ पिकवतो, इथे पानं खाली झुकवतो आणि पाते-फुलं गळवतो. अतिवृष्टीनंतरची पातेगळ यातूनही येते.

यासाठी आपल्याकडे शब्द आहे, वाफसा. जमिनीत ओलही आहे आणि हवाही आहे, ती अवस्था. मूठभर माती दाबली तर गोळा होतो, छातीच्या उंचीवरून सोडला तर खाली फुटतो. पाणी गळालं तर वाफसा नाही, गोळा झालाच नाही तर ओल गेली. वर मांडलेलं बादलीचं सगळं गणित या एका शब्दात आहे आणि तो शब्द घडवणाऱ्यांनी कधी प्राणवायूचं नावही ऐकलेलं नव्हतं. आज दुकानात पांढरी मुळी वाढवणाऱ्या बाटल्या मिळतात. माझं स्पष्ट मत आहे की वाफसा नसलेल्या जमिनीत त्या ओतणं म्हणजे गुदमरलेल्या माणसाच्या ताटात वाढणं आहे. आधी चर काढून पाणी शेताबाहेर घालवायचं, मग बुंध्याजवळची माती हलवून हवा द्यायची, खतपाण्याचं त्यानंतर. हे सगळं माना पडल्यापासून एक-दोन दिवसांत व्हायला हवं.

मान टाकलेलं झाड आणि शेजारचं चांगलं झाड शेजारी शेजारी खणून बादलीत धुतली, तर फरक डोळ्यांना दिसतो. एकाच्या सोटमुळावर काळपट, साल सुटलेले तंतू, हाताला बुळबुळीत, आणि आंबूस वास. दुसऱ्याला अजून थोडी पांढरी टोकं. चर काढून आठवडाभरानं तगलेल्या झाडाच्या बुंध्याजवळची बोटभर माती बाजूला केली, तर जमिनीच्या अगदी वरच्या थरात, जिथे हवा आधी परतली, तिथे सुतासारखी नवी पांढरी मुळी फुटलेली दिसते.